हौदावरची पेटी

धुळ्यात पांझरेपलीकडच्या नव्या वसाहतीत आम्ही घर बांधलं, तेव्हा घराच्या आधी हौद बांधला. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात यात नवल काही नाही. आमच्याकडे घर बघायला आलेला माणूस आधी हौद केवढा ते विचारतो, मग खोल्या मोजतो. नवल होतं ते एवढंच, की आमचा हौद दोन घरांत मिळून एक होता. शेजारचा प्लॉट माझ्याच कचेरीतल्या एका वयस्क सहकाऱ्याचा. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांचं म्हणणं पडलं की दोन डबकी खणण्यापेक्षा एकच दांडगा हौद खणू, दोघांच्या पुढच्या खोल्यांखाली, मधल्या भिंतीच्या आरपार. वर स्लॅब, स्लॅबवर फरशी, आणि दोन्ही खोल्यांत एकेक लोखंडी झाकण. लोक म्हणाले, वर्षभरात तुमची पाण्यावरून डोकी फुटतील. फुटली नाहीत. याचं श्रेय माझ्याकडे जात नाही, कारण मी तापट माणूस आहे. ते श्रेय नानांच्या बायकोचं. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची.

घर बांधून तीन वर्षं होत नाहीत तोच नाना गेले. मुलगी दिलेली चाळीसगावला, मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. अक्का एकटी राहिली. साठीला आलेली, अंगाने काटक, नऊवारी लुगडं, आणि बोलणं सगळं अहिराणीत. नळाच्या दिवशी पहाटेच उठून तीच आम्हाला भिंतीवर थाप मारून जागं करी. माझी बायको टायफॉइडने आजारी होती, तेव्हा महिनाभर आमच्या घरची भाकरी अक्काने थापली. उपकार केल्याचा चेहरा मात्र तिने कधी केला नाही. उलट आमच्या पिठाला नावं ठेवली.

आता माझ्याविषयी. मला नोकरी होती कारकुनाची आणि नाद होता डागकामाचा, म्हणजे सोल्डरिंगचा. लोक संध्याकाळी कट्ट्यावर बसतात, मी अँप्लिफायर उघडून बसायचो. नव्वदीच्या मध्यावर कुठल्याशा मासिकात सबवूफर हा शब्द वाचला आणि माझी झोप उडाली. गाण्यातला खालचा, खर्जातला भाग तेवढा वेगळा काढायचा, आणि त्याच्यासाठी वेगळी पेटी करायची! तो आवाज म्हणे कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. मला असली पेटी पाहिजेच होती.

माझं मूळ गाव नशिराबादजवळचं, त्यामुळे जळगावला जाणं-येणं असे. तिथे भंगाराच्या एका दुकानात मोडीत निघालेल्या फिरत्या टॉकीजचा भोंगाबिंगा सगळा पसारा येऊन पडला होता. त्यात परातीएवढा एक स्पीकर होता. पडदा शाबूत, फक्त कडेचा कागद उंदराने कुरतडलेला. तो मी मांडीवर घेऊन एसटीने धुळ्याला आणला. पारोळ्याला चढलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, सून शे का, इतली जपी राह्यना? सगळी बस हसली. मला राग आला, पण मांडीवरचं ओझं खाली ठेवून भांडायची सोय नव्हती.

पेटीला दोन महिने लागले. जाड प्लायवूड, सांध्यांना सरस, आत गादीतून उरलेला कापूस. दिवाळीनंतर ती तयार झाली, आणि मग प्रश्न आला ती ठेवायची कुठे. मासिकात लिहिलं होतं, पेटी खोलीभर फिरवून बघा, जागा बदलली की आवाज बदलतो. मी फिरवली. मागच्या खोलीत ठेवली, मिळमिळीत. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली, त्याहून मिळमिळीत. पुढच्या खोलीत मधल्या भिंतीच्या कोपऱ्यात, हौदाच्या झाकणापासून हातभर अंतरावर ठेवली, आणि तबल्याचा डग्गा असा काही घुमला की बायको पोळी लाटायची थांबून बाहेर आली. मी म्हणालो, हीच जागा. माझ्या कारागिरीचा मला इतका अभिमान वाटला की ही जागाच का घुमते, असा प्रश्न मला पडला नाही. तेवढी अक्कल तेव्हा नव्हती, दुसरं काय.

मी अगदीच बेपर्वा शेजारी नव्हतो, हे मात्र नोंदवून ठेवतो. पेटी चालू झाली त्याच आठवड्यात मी अक्काला जाऊन विचारलं, “अक्का, आमच्या गाण्यांचा तुम्हाला त्रास होतो का?”

“गाना?” अक्काने कानाला हात लावला. “नही रे भाऊ. माले काहीच ऐकू येत नही.”

ते खरंच होतं. तिला थोडं कमी ऐकू यायचं, आणि भिंत चांगली जाड होती. माझा जीव भांड्यात पडला. मग रोज कचेरीतून आलो की चहा, आणि दिवेलागणीपासून जेवणापर्यंत गाणी. मित्र येत, फरशीवर पाय टेकून बसत आणि म्हणत, काय वाजतं यार, थेट पोटात! मला वाटे, सगळ्या धुळ्यात असं यंत्र दुसरं नसेल.

होळीच्या सुमारास नळ लांबायला लागला, आणि अक्काची तब्येत बिघडली.

एका सकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. एरवी ती बसत नसे, उभ्यानेच बोलून जायची. बायकोला म्हणाली, “माय, संध्याकाळले खाटवर पडनू का छातीमा धडधड व्हस. कोनी तरी मन्हा छातीमा धुनं आपटी राह्यनं, अशे वाटस.”

आम्ही घाबरलो. नाना हृदयविकाराने गेले होते, तेही बसल्या जागी. मीच तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. सकाळच्या वेळी दवाखान्यात नाडी अगदी सरळ. हृदयाचा आलेख काढला, तोही सरळ. डॉक्टर म्हणाले, रोज होतं का? अक्का म्हणाली, रोज नाही. कधी फार, कधी अगदीच नाही. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि कसली काळजी करता का म्हणून विचारलं.

ही काळजी कसली, ते गल्लीतल्या बायकांनी शोधून काढलं. कोणाच्या तरी लक्षात आलं की नळाच्या आदल्या दिवशी अक्काला सगळ्यात जास्त त्रास होतो. नळ येऊन गेला की दोन दिवस ती ठणठणीत. मग हळूहळू परत धडधड, आणि हौद तळाला गेला की कहर. म्हणजे पाण्याची काळजी! उन्हाळा वाढला, नळ सहा-सहा, सात-सात दिवसांनी यायला लागला, तशी धडधडही वाढली. हिशेब चोख जुळत होता. मला तर तो इतका पटला की मी अक्काला समोर बसवून व्याख्यान दिलं. म्हटलं, अक्का, तुम्ही एकट्या, तुम्हाला पाणी लागतं किती? वेळ पडली तर मी टँकर बोलावीन, पण मनाला लावून घेऊ नका.

अक्का म्हणाली, “मी कोठे काळजी करस रे भाऊ? नळ उना का बरं वाटस, इतलंच.”

मी मान हलवली. माणसाला स्वतःच्या मनातलं कळत नाही, असं काहीतरी शहाणपणाचं बोललो. आणि घरी येऊन, अक्काच्या काळजीने जड झालेलं मन हलकं करायला, पेटीचा आवाज थोडा वाढवला. आज हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

चैत्र संपता संपता अक्काने बायकोला आपल्या घरी बोलावून घेतलं. पलंगाखालची ट्रंक दाखवली. बायको परत आली ती डोळे पुसतच.

“काय झालं?”

“त्यांनी मला लुगडं दाखवलं. कोरं. जांभळं, काठ अंजिरी. नाना गेले त्याच्या आदल्या दिवाळीला नानांनीच आणलेलं, म्हणे. म्हणाल्या, ‘ट्रंकना तळमा शे. मी गयू का मन्हा आंगवर हाईच घालज्यात. पोर सुरतथून येवाले टाईम लागी, त्याले सापडाव नही.’”

 त्या संध्याकाळी मी पेटी लावली नाही. अक्काला त्या दिवशी बरं वाटलं असणार, पण ते विचारायचं कोणाला सुचलं नाही.

मग सुरतेहून मुलगा दुसऱ्यांदा धावत आला. आखाजीला आठ दिवस होते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे मुलींनी माहेरी यायचं, झोके बांधायचे, गौराई बसवायची. अक्काची मुलगी दरवर्षी चाळीसगावहून यायची. मुलाने ठरवलं होतं की आखाजी झाली, बहीण परत गेली, की आईला सुरतेला न्यायचं. पाहुणी म्हणून नाही, कायमचंच. घर भाड्याने द्यायचं. मुलगा चांगला होता, काकुळतीला आलेला. “भाऊ, नाना असे गेले,” तो मला म्हणाला, “आणि मी सुरतेत पंख्याखाली झोपलेलो. परत तसं होऊ द्यायचं नाही मला.” त्याचं चुकत नव्हतं.

अक्काने ऐकून घेतलं.  फक्त दुसऱ्या दिवसापासून ती घरातल्या घरात हळूहळू फिरायला लागली. हौदाचं झाकण, देवळी, चूल काढून टाकल्यावर तशीच राहिलेली काळी भिंत, एकेक गोष्टीपाशी जाऊन उभी राही. बायको म्हणाली, सुरतेला दोन खोल्यांत चौथ्या मजल्यावर ही बाई वर्षभरही टिकायची नाही. मला ते ठाऊक होतं. नानांनी दगड न् दगड स्वतः निवडून बांधलेल्या घरातून तिला उचलून नेत होते, आणि तिच्या छातीतली ती धडधड हे एकच कारण होतं.

नळाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. मी कॅसेट नुकतीच लावली होती. शेजारून मुलाने हाक मारली, भाऊ, जरा हात लावा, पलंग सरकवायचाय. मी यंत्र चालू ठेवून तसाच गेलो. एरवी मी असं कधी करत नसे. चालू यंत्र सोडून मी पाणी प्यायलासुद्धा उठत नसे, म्हणून तर कळायला इतके महिने लागले.

अक्का पलंगावर छातीला हात लावून पडली होती. मुलगा म्हणाला, थांबा, आईला परत सुरू झालंय, जरा बसा. मी पलंगाच्या कडेला टेकलो. आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं.

आधी मी घाबरलो. खरंच घाबरलो. म्हटलं, संपलं, नानांचं दुखणं अक्काला आणि अक्काचं मला. धड्, धड्, मग जरा थांबून धड्-धड्. मी श्वास रोखून मोजायला लागलो. मोजता मोजता माझ्या ध्यानात आलं की हृदय असं मोजून चुकत नाही. चौथ्या ठोक्यानंतर एक जागा मोकळी जात होती. आता ते थांबणार, मी मनाशी म्हटलं, आता अंतरा सुरू होतो तिथे चार मात्रा डग्गा नाही. ते थांबलं. चार मात्रांनी परत सुरू झालं.

मी उठलो, घरी गेलो आणि यंत्र बंद केलं. भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला, “थांबनं, माय. थांबनं बरं.”

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? परत जाऊन सांगितलं असतं. मी ते केलं नाही. मला लाज वाटली. दोन महिने ज्या बाईला मी व्याख्यानं दिली, तिच्यापुढे कोणत्या तोंडाने उभा राहू? मी ठरवलं की हा थरथराट मी मुकाट्याने, माझ्या माझ्या कारागिरीने घालवीन. धडधड थांबेल, अक्का बरी होईल, सुरत आपोआप रद्द होईल, आणि कोणाला काही कळणार नाही.

बायकोलाच फक्त सांगितलं. तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पेटीखाली चौपदरी गोधडी घातली. फरशीवर काठोकाठ पाण्याचा तांब्या ठेवला आणि मिनिटभर डग्गा वाजवला. पाण्यावर एकही तरंग नाही! मला गहिवरून आलं. एवढंसं काम आणि मी उगाच घाबरलो होतो. खबरदारी म्हणून कॅसेट मात्र लावली नाही. तीन दिवसांनी, शेजारी कोणी नाही असं बघून, परत तांब्या ठेवला तर पाण्यावर परातीतल्या पिठासारखी थरथर. गोधडी तीच, पेटी तीच. मग गोधडीखाली विटा ठेवल्या. थरथर वाढली. विटा काढून सरकीचं पोतं ठेवलं. त्याने पेटी एका अंगाला कलली आणि थरथर होती तेवढीच राहिली. आखाजीच्या झोक्यासाठी आढ्याला कडी होती, तिला पेटी दोराने टांगून बघितली. ते चाललं असतं, पण बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, गौराईला त्या झोक्यावर बसवायचं आहे, तुमच्या पेटीला नाही. खाली उतरवली.

मी चिडून बसलो होतो. तेवढ्यात बायको पाणी काढायला आली, हौदाचं झाकण उघडलं आणि बादली आत सोडली. बादली बराच वेळ खालीच जात राहिली. तळाशी जाऊन ठण्णकन वाजली, आणि तो ठणका सगळ्या हौदात फिरून वर आला.

मी उठून झाकणात डोकं घातलं. आत अंधार, तळाला वीतभर पाणी, आणि दोन घरांच्या खाली पसरलेली ती मोठी रिकामी पोकळी. मी वरून स्लॅबवर मूठ मारली. आत ढोल वाजला. नळाच्या दिवशी हौद भरलेला, म्हणून गोधडीने जादू केली असं मला वाटलं होतं. गोधडीने काही केलं नव्हतं. पाणी उतरत गेलं तसा हौद रिकामा होत गेला, आणि तितकी पेटी जास्त घुमत गेली. जी जागा मी कारागिरीच्या अभिमानाने निवडली होती ती ढोलाच्या कातड्यावरची होती, आणि त्याच कातड्यावर, भिंतीपलीकडे, अक्काचा पलंग होता. नळ आला की बरं वाटतं, असं ती बिचारी पहिल्या दिवसापासून सांगत होती. तिला स्वतःच्या मनातलं कळत नाही असं म्हणणारा मी!

मग काम सोपं होतं. पेटी उचलून मागच्या खोलीत नेली, जिथे खाली मुरूम आणि काळा दगड आहे. स्कूटरची जुनी ट्यूब अर्धी हवा भरून आडवी ठेवली, तिच्यावर जाड पाट, पाटावर पेटी. पुढच्या खोलीत तांब्या, तांब्यात पाणी. अख्खी एक बाजू वाजवली. पाणी आरशासारखं. आवाज पहिल्यापेक्षा मिळमिळीत झाला, तो होणारच होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी बायकोला म्हटलं, झालं, सुटलो.

कसला सुटलो! संध्याकाळी शेजारी गेलो, तर मुलगा आनंदाने ट्रंकेला दोर बांधत होता. “भाऊ, बघा,” तो म्हणाला, “सुरतेला जायचं ठरलं आणि आईची धडधड गेली. पाच दिवसांत एकदाही नाही. हौद तळाला गेलाय, तरी नाही. हवाबदल लागतो तो हाच. मी म्हणत नव्हतो?”

अक्का पलंगावर बसली होती. तिची तब्येत खरंच चांगली दिसत होती, चेहरा मात्र उतरलेला. ती म्हणाली, “हा भाऊ. आते मालेबी पटनं. आठे मन्हा जीवले चैन नही व्हती, मंग जाऊच दे.”

माझ्या मुकाट कारागिरीनेच तिला घराबाहेर काढलं होतं. मी नाही सांगितलं तर ती आखाजी होताच सुरतेच्या गाडीने जाणार, आणि तिला आयुष्यभर वाटत राहणार की नानांचं घर तिला सोसलं नाही.  तेव्हा बोललोच.

“अक्का, तुम्हाला काहीही झालेलं नाही. ते मी करत होतो.”

मुलगा हसला. त्याला वाटलं, मी तिला ठेवून घ्यायला काहीतरी बोलतोय. मग मी म्हणालो, पाच मिनिटं थांब. घरी जाऊन ती पेटी उचलली, परत पहिल्या जागी, हौदावर, ठेवली. बायकोला म्हटलं, मी भिंतीवर एक थाप मारली की चालू कर, दोन मारल्या की बंद. आणि अक्काच्या शेजारी पलंगावर जाऊन बसलो.

एक थाप. धड्, धड्. अक्काचा हात छातीकडे गेला. मुलाचा चेहरा पांढरा पडला, कारण तो उभा होता आणि त्याच्या तळपायांना कळत होतं.

दोन थापा. शांत.

एक थाप. दोन थापा. असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी अक्काने हात छातीवरून काढून पलंगाच्या लाकडावर ठेवला. मग खाली वाकून फरशीवर ठेवला. तिथेच ठेवून राहिली.

“हाई बाहेरथून येस?” तिने विचारलं.

“हो अक्का. हौदातून येतं.”

“मन्हा आंगमाथून नही?”

“नाही.”

मुलगा माझ्यावर चवताळला. त्याने काय काय म्हणायचं ते म्हटलं, आणि मी, ज्याला एसटीतली थट्टा सोसवत नव्हती, गुमान ऐकून घेतलं. सुरतेहून दोन वेळा धावत आलो, म्हणाला. आईला रात्र रात्र जागताना बघितलं, म्हणाला. सगळं खरं होतं. अक्काचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती फरशीवर हात ठेवून बसली होती.

“मंग माले काही व्हयेल नही?” तिने परत विचारलं.

“नाही अक्का.”

“नानानंगत नही?”

नानांसारखं काही नाही ना, हे ती विचारत होती. उत्तर मुलाने दिलं. तो खाली बसला, आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि म्हणाला, “नही माय. तुले काहीच व्हयेल नही.” आणि इतका मोठा माणूस हुंदके देऊन रडला. मलाही आवरलं नाही. दोन महिने छातीवर धोंडा ठेवलेला असावा तसं आम्हा सगळ्यांना झालं होतं, आणि तो एकदम कोणीतरी उचलला.

अक्का रडली नाही. तिने मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “येडा. पहिलेच सांगाले काय व्हतं?” त्यापलीकडे या विषयावर ती मला आयुष्यात एक शब्द बोलली नाही.

सुरतेचं तिकीट रद्द झालं. आखाजी झाली, मुलगी आली, झोका त्याच कडीला बांधला गेला. पेटी मागच्या खोलीत ट्यूबवर राहिली, अजूनही आहे. अक्का मधूनमधून येऊन तिच्यासमोर बसायची, पण ऐकायला नाही. एक हात पेटीवर आणि एक हात जमिनीवर ठेवून खात्री करून घ्यायची, आणि चहा पिऊन जायची.

पण मला आठवतो तो आखाजीनंतरचा पहिला नळ. भिंतीवर थाप पडली. आम्ही दोघं डोळे चोळत बादल्या घेऊन अंगणात आलो. अक्का आधीच नळापाशी होती, हंडा लावून, गुडघ्यापर्यंत ओली. पहाटेच्या उजेडात मला आधी नीट दिसलं नाही. बायकोने माझा हात घट्ट धरला, तेव्हा मी पाहिलं. अक्का जांभळं लुगडं नेसली होती. काठ अंजिरी. कोऱ्या कापडाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या, आणि ओचा पाण्याने चिंब झाला होता.

बायकोच्या तोंडून निघून गेलं, “अक्का, अहो, ते...”

अक्काने भरलेला हंडा कमरेवर घेतला, आणि आम्हाला वाट करून देत म्हणाली, “आखो कितला दिन ट्रंकमा ठेवसू, माय? चाल, हंडा लाव. पानी चाली जाई.”